येळवसचं आवतण

"चिंता कशाला करायलात मॅडम, आपल्या शेतात जाऊ की," आनंदराज म्हणाला आणि रामकिशनला ते टोचलं. आपल्या शेतात. आपल्या म्हणजे कुणाच्या? आनंदराजला बापजन्मी शेत नव्हतं. किनवटच्या आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढलेला, आता नांदेडला रामकिशनच्याच कॉलेजात, रामकिशनच्याच भूगोल विभागात, त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस. तो ज्याला आपलं म्हणत होता ते शेत लातूर-औसा रस्त्याला होतं आणि रामकिशनच्या थोरल्या भावाचं, बजरंगचं होतं. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्यातलं निम्मं रामकिशनच्या नावावर होतं. हे सगळं ठाऊक असलेला हा गडी नाशिकहून आलेल्या आरती मॅडमना खुशाल सांगत होता, आपल्या शेतात जाऊ. गेस्ट हाऊसच्या पोर्चमध्ये सकाळची थंडी होती. कोल्हापूरचे दोन प्राध्यापक मफलर गुंडाळून उभे होते. त्या एका शब्दाकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. रामकिशनचं मात्र गेलं. हल्ली त्याचं असल्या शब्दांकडेच लक्ष जायचं.

भूगोल परिषदेचं राज्य अधिवेशन यंदा लातुरात भरलं होतं. पहिला दिवस निबंध वाचण्यात आणि ऐकताना डुलक्या काढण्यात गेला. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना शहर दाखवायचं, चांगलंचुंगलं खाऊ घालायचं असं ठरलं होतं, आणि ते काम रामकिशनकडे आलं होतं. पत्रिकेत त्याच्या नावापुढे नांदेड छापलेलं असलं तरी माणूस मूळचा लातूरचा, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे त्यानं करून दिलं होतं. मागच्या वर्षी अधिवेशन नांदेडला झालं तेव्हाही त्यानंच मंडळींना फिरवलं होतं. गुरुद्वारा, लंगरमधलं जेवण, गोदावरीचा घाट आणि संध्याकाळी इतवाऱ्यात बिर्याणी. लोक तृप्त झाले होते. पण बिर्याणीवाल्यानं गल्ल्यावरून उठून मिठी मारली ती आनंदराजला. "आओ आनंदभाई," म्हणाला, आणि रामकिशनकडे बोट करून विचारता झाला, "साब नये आये क्या?" निम्मं आयुष्य नांदेडात घातलेल्या माणसाला साब नये आये क्या. तेही त्यानं गिळलं. नांदेड काही त्याच्या आजोबांचं नव्हतं. लातूर मात्र होतं. लातुरात त्याला गंजगोलाईतल्या चहावाल्यानं हाक मारली असती, भजीवाल्यानं कागदात दोन भजी जास्तीची टाकली असती, आणि ती हाक, ती दोन भजी आनंदराजनं शेजारी उभं राहून बघितली असती. एवढ्यासाठी रामकिशन महिनाभर मनात फिरण्याचा मार्ग आखत होता.

आणि आज येळवस होती. मार्गशीर्षातली ही अमावस्या पुण्या-मुंबईच्या माणसाला कळायची नाही. या दिवशी लातूर लातुरात राहत नाही. दुकानदार, डॉक्टर, क्लासवाले, रिक्षावाले, झाडून सगळे कुणाच्या ना कुणाच्या शेतात जातात, कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, करून तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडतात, भज्जी खातात, ताकातली आंबील पितात आणि दिवस कलल्यावर परत येतात. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतं. न बोलावलेला माणूस या दिवशी शहरात सापडत नाही. अधिवेशनाची तारीख ठरवणाऱ्या मंडळींना यातलं काही ठाऊक नव्हतं. ऑनलाइन बैठक होती. यजमान कॉलेजचे जे प्रतिनिधी होते ते सांगलीकडून नव्यानं बदलून आलेले. रामकिशनला मात्र तारीख ऐकताक्षणी कळलं होतं. त्यानं बोलायला हातही वर केला होता. मग त्याच्या मनात आलं, येळवसला आपण लातुरात असू. कामानिमित्त, सहज, कुणाच्या दारात न जाता. अण्णाच्या, म्हणजे बजरंगच्या, कानावर जाईलच. आणि लहान भाऊ शेतापासून हाकेच्या अंतरावर आहे म्हटल्यावर अण्णा बोलावल्याशिवाय राहील का? त्यानं हात खाली घेतला आणि माइक बंद केला. साऱ्या महाराष्ट्रातले भूगोलाचे प्राध्यापक ओस पडलेल्या शहरात उपाशी आणून बसवले गेले ते असे, एका भावाला आवतण हवं होतं म्हणून. ही गोष्ट त्यानं बायकोलाही, दीपालीलाही सांगितली नव्हती.

बहुतेक पाहुणे सकाळच्या गाड्यांनी निघून गेले. कँटीनवाला शेतात गेला होता, तेव्हा चहा नव्हता. आनंदराजचं ते शेतात जाणं कानाआड करून, उरलेल्या तिघांना आणि त्याला घेऊन रामकिशन गंजगोलाईत आला. गोल बाजारपेठ, मधोमध देवीचं देऊळ आणि चहूबाजूंनी फुटलेले सोळा रस्ते, आणि त्या सोळाही रस्त्यांवर शटर ओढलेली. रामकिशन दाखवू लागला. इथं पितळी भांड्यांची दुकानं, हा सराफा, इथल्या पेढ्याला तोड नाही, त्या कोपऱ्यावर चहा मिळतो तो असा की कपातला बशीत आणि बशीतला कपात करत माणूस अर्धा तास उभा राहतो. तिकडच्या गल्लीत भल्या सकाळपासून मिरची भजी. आरती मॅडम मान वर करून पाट्या वाचत होत्या. त्या भल्या बाई होत्या, "वा," म्हणत होत्या, पण त्यांच्या पोटातला आवाज रामकिशनला ऐकू आला. कोल्हापूरकरांपैकी एकानं विचारलं, "म्हणजे आज यातलं काहीच नाही का सर?" एरवी या वेळेला डाळमिलांचा भाजकट वास वाऱ्यावर असायचा, हमालांच्या शिव्या, रिक्षांचे भोंगे, क्लासला निघालेल्या पोरांच्या सायकली. आज एक कुत्रं रस्त्याच्या बरोबर मध्ये पसरून ऊन खात होतं आणि त्याला उठवणारं कुणी नव्हतं. आपण एखाद्याचं बंद घर बाहेरून दाखवत आहोत असं रामकिशनला वाटत राहिलं. इथं स्वयंपाकघर, इथं देव्हारा, आणि कुलपाची किल्ली आपल्याकडे नाही.

आणखी एक मौज झाली. रामकिशनला तिची मौज वाटली नाही, पण झाली खरी. बायका-पोरांनी भरलेला एक टेम्पो गोलाईला वळसा घालून चालला होता. डोक्यावर झाकलेल्या टोपल्या, मांडीवर पाण्याच्या कळशा. चालवणाऱ्यानं पाचही जणांना उभं बघून ब्रेक दाबला. "पाव्हणे हायत जणू? चला की शेतात! इथं काय भेटतंय आज?" रामकिशन म्हणाला, नको, आमची सोय आहे. तो गेला. पुढं औषधाच्या दुकानाचं अर्धं शटर उचललेलं होतं. आतला माणूस गल्ला बंद करता करता म्हणाला, "सर, गाडीत दोन जागा हायत, बाकीचे मोटरसायकलीवर बसा. लांब न्हाई, बाभळगावच्या रस्त्याला." कुणाचा कोण. त्याला रामकिशनचं नावही ठाऊक नव्हतं. देवळाच्या पायरीवर बसलेली एक म्हातारी लेकाची वाट बघत होती. ती आरती मॅडमचा हात धरून म्हणाली, "चल माय, उपाशी नगं ऱ्हाऊ." आरती मॅडमचे डोळे भरून आले. "किती मोठ्या मनाची माणसं आहेत सर तुमच्याकडची," त्या म्हणाल्या. रामकिशननं मान डोलावली. अख्खं लातूर त्याला जेवायला बोलावत होतं. एकट्या त्याच्या भावाचा फोन येत नव्हता.

येळवसला तो फोन पूर्वीही कधी आला नव्हता, कारण पूर्वी त्याची गरज नव्हती. येळवसला कुणी कुणाला घरात आवतण देतं का? पहाटे आई चूल पेटवायची, वांग्याचं भरीत, बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाच्या पोळ्या, आणि भज्जीचं मोठं पातेलं ज्यात तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि रानातली दिसेल ती भाजी चिंचेच्या कोळात आणि बेसनात रटरट शिजत असायची. आंबिलीचं मडकं आईच्या डोक्यावर. अण्णा पुढं, हातात कडब्याची पेंढी, रामकिशन मागं तांब्या घेऊन. पूजा झाली की दोघं भाऊ ओलगे ओलगे ओरडत शेताला वेढा घालायचे, अण्णा आंबील शिंपडायचा, रामकिशन पाणी. मग पाहुण्यांची पंगत. गावातले मास्तर, तलाठी, आडतीवरचा मुनीम, बोलावलेली सगळी माणसं आधी जेवायची. दोघं भाऊ वाढून वाढून दमायचे. ऊन पाठीवरून पोटावर आलं की घरच्यांची पंगत बसायची, शेवटची, आणि तिच्यात पातेल्याच्या बुडाला लागलेली खमंग खरवड आई उलथन्यानं खरवडून काढायची. ती निम्मी अण्णाच्या, निम्मी त्याच्या पानात. कधी निम्म्याहून थोडी जास्त त्याच्या. अण्णा बघायचा आणि काही म्हणायचा नाही. ती चव रामकिशनच्या जिभेवर अजून होती, दाढेखाली करकरणाऱ्या जळक्या तिळासकट.

मग आई गेली. मग नांदेडात फ्लॅट घ्यायचा झाला आणि रामकिशननं आपली निम्मी जमीन अण्णालाच विकून टाकली. भांडण नाही, तंटा नाही, कोर्टकचेरी नाही. सही करताना अण्णा एवढंच म्हणाला होता, "शेत कुठं जातंय, हितंच हाय." त्या वर्षीच्या येळवसला रामकिशन सकाळपासून फोन समोर ठेवून सोफ्यावर बसला. दीपालीनं तीळ भाजून ठेवले होते. "निघायचं नाही का?" तिनं विचारलं. तो म्हणाला, बोलावलं तर जाऊ. "घरच्याला कुणी बोलावतं का हो?" आता ते आपलं कुठं राहिलंय, तो म्हणाला, दुसऱ्याच्या शेतात बिनबोलावता कसं जायचं? दुपार झाली. फोन आला नाही. दोघांनी बाल्कनीत सतरंजी टाकून भज्जी खाल्ली आणि खालच्या मजल्यावरच्या बाईनं वर बघून विचारलं, काय ताई, आज पिकनिक? पुढच्या वर्षीही तेच. दर वर्षी दिवाळी सरली की त्याच्या मनात ही एकच गोष्ट फिरू लागायची, यंदा बोलावील. अण्णा एरवी फोन करायचा. पाऊस किती झाला, सोयाबीनला काय भाव आला, गुडघा कसा आहे. येळवसच्या आधीचे चार दिवस मात्र त्याचा फोन हटकून येत नसे.

आणि मध्येच हा आनंदराज. सिंधुवहिनीचं ऑपरेशन नांदेडला झालं तेव्हा रामकिशन परीक्षेच्या पथकावर माहूरला अडकला होता. दवाखान्यात रात्रंदिवस बसला तो आनंदराज, रामकिशनच्याच सांगण्यावरून. अण्णानं निघताना त्याला म्हटलं, येळवसला या. आनंदराजला येळवस म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. रामकिशननं सांगितलं. शेत कुठं, चिंचेपासून कुठं वळायचं, वहिनीच्या हातची आंबील कशी वाटीनं न पिता तांब्यानं प्यायची, सगळं आपल्या तोंडानं सांगितलं. सोमवारी आनंदराज कॉलेजात आला तो घट्ट झाकणाचा डबा घेऊन. "वैनीनं दिलंय तुमच्यासाठी." डब्यात भज्जी होती. रामकिशननं तो डबा घरी नेला नाही. विभागातल्या बेसिनपाशी उभ्यानं, चमचा नव्हता म्हणून बोटांनी, सगळी खाल्ली. गार, आंबूस झालेली. खाताना त्याला आनंदराजचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यानंतर आनंदराज दर वर्षी जात होता आणि आल्यावर सांगत होता, अण्णानं यंदा ठिबक केलंय, अण्णाची म्हैस व्याली. अण्णा. तो त्यालाही अण्णाच म्हणायचा. मत्सर बायकांच्या पायी होतो, पैशापायी होतो, पदापायी तर प्राध्यापकांत रोजच होतो. भावापायी, तेही पन्नाशीत, मत्सर होतो हे रामकिशनला कुणाजवळ बोलायची सोय नव्हती.

तर गंजगोलाईत, मिरची भज्यांच्या बंद दुकानासमोर, त्याचा फोन वाजला. पडद्यावर अण्णा.

"रामकिशन, बजरंग बोलायलो."

"बोल अण्णा."

"येळवसचं आवतण हाय तुला. जेवायला ये. तुझे पाव्हणे हायत म्हणं, तेन्लाबी आण. सूर्य डोक्यावर याच्या आत या."

"येतो की अण्णा," तो म्हणाला. आणखी काही बोलायचं होतं, पण अण्णानं फोन ठेवून दिला. रामकिशन फोन हातात धरून तसाच उभा राहिला. त्याच्या अंगावरून मोरपीस फिरलं. कुत्र्याकडे बघून तो हसला. मग त्यानं मोठ्यानं, सोळाही रस्त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "चला मंडळी, आमच्या बंधूंचं आवतण आलंय!" आनंदराजच्या पाठीवर त्यानं थाप मारली. त्याला एकदम तो माणूस चांगला वाटू लागला. बिचारा, वसतिगृहात वाढलेला, कुठंतरी जाऊन बसतो, बसू द्यावा. गाडी आनंदराजची होती, तरी पुढच्या सीटवर बसून रामकिशन असा हात हलवत होता की गाडी, रस्ता आणि दोन्ही बाजूंची हुरड्यात आलेली ज्वारी त्यानंच पाहुण्यांसाठी मागवली होती. आरती मॅडमना त्यानं येळवस समजावून सांगितली, कोप म्हणजे काय, पांडव म्हणजे काय, उंड्याबरोबर भज्जी कशी खायची. मधूनच त्यानं दीपालीला फोन लावला. "अण्णाचा फोन आला होता," म्हणाला. तिकडून ती काही क्षण बोललीच नाही. मग म्हणाली, "आवतण दिलं?" हो, आवतण दिलं, तो म्हणाला. "बरं," ती म्हणाली, "जाऊन या." तिच्या आवाजात आनंद का नाही हे त्याला कळलं नाही. रेंज गेली असेल.

औशाच्या अलीकडे गाडी वळली तेव्हा त्याला थोडं डिवचायची लहर आली. जिंकलेल्या माणसाला येते तशी. त्यानं अगदी सहज विचारलं, "तुला कधी आला रे आनंदराज, अण्णाचा फोन?"

"कशाचा?"

"आवतणाचा."

आनंदराज गिअर बदलत हसला. "मला कशाला येतंय सर आवतण? पयल्या साली दिलं तेवढंच. दुसऱ्या साली मी फोन करून इचारलो, येऊ का म्हणून, तर अण्णा लई चिडले. म्हणले, इचारून येतेत का घरी? तवापासून म्या नुसता जातो."

चिंच आली. चिंचेपासून गाडी कच्च्या रस्त्याला लागली आणि खडखडू लागली. काही नाही, रामकिशननं मनाशी म्हटलं, अण्णाचं बोलणंच तसं. याला आवतण नाही कारण याची किंमत नाही, आपल्याला आहे कारण आपण भाऊ. मानाचं माणूस म्हणून फोन करून बोलावलं. पण हा विचार त्याच्या मनात नीट बसेना. आईनं जन्मात कधी त्याला येळवसला बोलावलं नव्हतं. मास्तरला बोलवायची, तलाठ्याला बोलवायची. दीपालीनं फोनवर काढलेले 'आवतण दिलं' हे दोन शब्द त्याला आता निराळ्या आवाजात ऐकू आले, आणि रेंज गेली नव्हती हेही कळलं. गाडी थांबवून उतरावं आणि चालत परत जावं असं त्याला वाटलं. पण मागं तीन पाहुणे होते, भुकेले.

शेतात गर्दी होती. कडब्याची कोप उभी होती, तिच्यावर वहिनीचं हिरवं लुगडं पांघरलेलं. धुरानं डोळे चुरचुरत होते आणि धुरात भज्जीचा तो वास होता, ज्यानं रामकिशनच्या तोंडाला एकदम पाणी आणलं. आनंदराजनं बूट भिरकावले, पँट दुमडली आणि तो सरळ चुलीकडे गेला. "आत्ता उगवलास व्हय रे!" सिंधुवहिनी त्याच्यावर ओरडली. "येढा घालायला कुणी न्हवतं, गड्याला घिऊन घातला तुझ्या अण्णानं. धर ते पातेलं, उतरव." इतकं प्रेमाचं ओरडणं रामकिशननं किती तरी दिवसांत ऐकलं नव्हतं. वहिनी मग त्याच्याकडे वळली, पदर सावरला आणि हसून म्हणाली, "या भाऊजी. बसा, सतरंजीवर बसा. दीपालीला आणायचं न्हाई का? पाणी दे रे कुणी भाऊजींना."

बजरंग बांधावरून आला. वाळला होता. दाढीचे खुंट पांढरे झाले होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. रामकिशन वाकून पाया पडला तेव्हा भावाच्या पायाची ती भेगाळलेली टाच त्याला दिसली, आणि आपण उगाच काही तरी मनात घेतलं, सगळं ठीक आहे, असं त्याला वाटलं. तो बाह्या सरसावून उठला. पत्रावळींची चळत कोपीजवळ पडली होती, ती उचलून तो मांडायला लागणार तोच अण्णानं ती त्याच्या हातातून काढून घेतली. ओढून नाही, हळूच. "बस तू," म्हणाला.

पाहुणे ओळीनं बसले. कोल्हापूरचे दोघं, आरती मॅडम, गावच्या बँकेतले साहेब, शाळेतले गुरुजी आणि रामकिशन. बजरंग पितळी ताट घेऊन आला, ताट आनंदराजनं धरलं. ताटात हळद-कुंकू, टोप्या, टॉवेल, नारळ. कोल्हापूरकरांच्या कपाळी त्यानं गंध लावलं, डोक्यावर पांढरी टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. त्यांचे चेहरे लाजून लाल झाले. वहिनीनं आरती मॅडमची खणानारळानं ओटी भरली. साहेबांचं झालं, गुरुजींचं झालं. मग बजरंग रामकिशनसमोर उकिडवा बसला. गंधाचं बोट कपाळाला लागलं.

"हे काय अण्णा, मला कशाला?"

"ऱ्हाऊ दे. मान असतोय पाव्हण्याचा." बजरंगच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर रामकिशनला भांडता तरी आलं असतं. टोपी त्याच्या डोक्यावर नीट बसवत, खालच्या आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं बजरंग बोलला, "दर साली तुझी पत्रावळ मांडायचो. घरच्या पंगतीत, माझ्या बाजूला. लोक इचारायचे कुणाची हाय, म्हणायचो येईल रामकिशन. तू काय आला न्हाईस. म्या आवतण द्यायचो न्हाई. आवतण दिलं की तू परका झालास, म्हणून देत न्हवतो. ह्या साली सिंधु म्हणली, त्येला आवतणच पायजे तर देऊन टाका, किती येळ वाट बघताव. मग दिलो." त्यानं नारळ रामकिशनच्या ओंजळीत ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

रामकिशन जेवला. भज्जी पानात पडली, उंडा पडला, आंबील आनंदराजनं तांब्यानं ओतली आणि विचारलं, "आणखी घ्या की सर." बाजूला आरती मॅडम प्रत्येक घासाला वाहवा करत होत्या. रामकिशनला चव लागत होती, आणि हेच वाईट होतं, ती चव होती तशीच होती. म्हणजे ही सगळी वर्षं इथं एक पान त्याच्या नावानं मांडलेलं होतं आणि तो नांदेडात सोफ्यावर फोनकडे बघत बसला होता. त्या पानाचं पुढं काय व्हायचं, त्यानं स्वतःला विचारलं, आणि उत्तर समोर आंबील वाढत उभं होतं. त्याला आनंदराजचा हेवा वाटला. मग शेतात गडी म्हणून राहिलेल्या माणसाचा वाटला, ज्यानं सकाळी अण्णाबरोबर वेढा घातला होता. त्यानं घास लहान केले. पुष्कळ वेळ चावू लागला. पाहुण्यांची पंगत उठेल, आपण बसूनच राहू, पान संपलेलं नसलं तर कोण उठवतंय, आणि घरची पंगत आपल्याभोवती आपोआप बसेल, असा काहीसा शहाणपणा त्याच्या मनात होता. गुरुजी उठले. साहेब ढेकर देत उठले. कोल्हापूरकर टोप्या सांभाळत विहिरीकडे हात धुवायला गेले. सतरंजीवर रामकिशन एकटा राहिला, समोर अर्धा उंडा.

बजरंग येऊन उभा राहिला.

"झालं का रे?" त्यानं विचारलं. "घरची माणसं जेवायची ऱ्हायलीत."

रामकिशन उठला. विहिरीवर हात धुताना त्यानं वळून बघितलं. सतरंजी झटकून पुन्हा टाकली होती. बजरंग, गडी, गड्याची बायको, आणि बजरंगच्या उजव्या हाताला आनंदराज. पत्रावळी यंदा माणसांइतक्याच मांडलेल्या होत्या. वहिनी उलथनं घेऊन पातेल्याच्या बुडाशी खरवडत होती आणि तो आवाज विहिरीपर्यंत येत होता. रामकिशनच्या पोटात जागा नव्हती, तरी त्याला भूक लागली होती. डोक्यावरची नवी टोपी घट्ट होत होती, ती त्यानं काढली नाही.

आरती मॅडम ओटीतला नारळ सांभाळत जवळ आल्या. त्यांचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता. "सर, किती प्रेमानं केलं हो सगळं! तुमच्याकडं पाहुण्याला इतका मान देतात?"

"हो," रामकिशन म्हणाला, "पाहुण्यांचं लई करतेत हे लोक."